अकरा मिनिटे आठ सेकंद

बांद्याच्या बाजारपेठेत अब्बांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे काय, एक काचेची पेटी, एक स्टूल आणि पाठीमागे भिंत. त्या भिंतीवर दुरुस्तीला आलेली आणि दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाची वाट पाहणारी वीस-पंचवीस घड्याळे टांगलेली असत आणि त्यातल्या कुठल्याही दोघांचे एकमत नसे. नवा माणूस आला की हमखास विचारी, "ह्यातला खरा खयचा?" अब्बा मान वर न करता डाव्या कोपऱ्यातल्या लंबकाच्या घड्याळाकडे बोट दाखवीत. ते घड्याळ ते रोज आकाशवाणीच्या ठोक्यांशी ताडून पाहत. जामा मशिदीतल्या घड्याळाला दर जुम्याला चावी देण्याचे कामही त्यांच्याकडेच होते, आणि मशिदीकडे निघण्याआधी ते मनगटावरचे घड्याळ या कोपऱ्यातल्या घड्याळाशी जुळवून घेत.

आम्ही दोघे भाऊ त्या भिंतीखाली वाढलो. अब्बांच्या पश्चात घड्याळे गेली आणि त्याच जागेत आमचा संगणकाचा धंदा आला. आधी टायपिंग आणि झेरॉक्स, मग दुरुस्ती, आणि गेली पंधरा-सोळा वर्षे आजूबाजूच्या गावांतल्या लहानसहान कचेऱ्यांचे सर्व्हर सांभाळण्याचे काम. सर्व्हर म्हटले की लोकांना थंडगार काचेची खोली आठवते. आमचे सर्व्हर जिन्याखाली, कपाटामागे, क्वचित देवघराशेजारी असतात. तेरेखोल नदीचे पाणी बाजारात शिरले की त्यांना उचलून माळ्यावर न्यावे लागते. त्यावर चालते ते लिनक्स. ते फुकट मिळते हे एक कारण, आणि वर्षानुवर्षे बंद न करता चालते हे दुसरे. या कामातला आमचा बराच वेळ घड्याळे जुळवण्यात जातो, हे सांगितले तर लोक हसतात. संगणकाला वेळ कळत नाही होय?

नाही कळत. संगणकाच्या आत गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक कण असतो. मनगटी घड्याळात असतो तसाच. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि ती थरथर मोजून सेकंद ठरतो. पण हा कण उन्हाने, थंडीने, वयाने किंचित हलका-जड चालतो. दिवसाला दोन सेकंद, चार सेकंद इकडेतिकडे. एका घड्याळाला चार सेकंद म्हणजे काहीच नव्हे. अब्बांनी असे घड्याळ 'उत्तम चालतंय' म्हणून परत दिले असते. पण तीन सर्व्हर एकाच कचेरीत असतील आणि तिघेही आपापल्या नोंदी लिहीत असतील, तर हळूहळू एकाच्या वहीत प्रश्नाच्या आधी उत्तर येऊ लागते.

वेळेचे हे त्रांगडे आमच्या मुलखाला नवे नाही. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे ठरली, तेव्हा मुंबईने ती सुखासुखी घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ चार तास एक्कावन्न मिनिटांची होती. गिरण्यांतले कामगार नव्या घड्याळावर खवळले होते आणि महापालिका तर स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षे जुन्याच वेळेला धरून होती. इकडे आमच्या दक्षिणेला, पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, पोर्तुगालने १९११ साली कायदा करून १९१२ पासून गोव्याची घड्याळे ग्रीनिचच्या पाच तास पुढे लावली. म्हणजे त्या काळी नाका ओलांडला की नाण्याबरोबर अर्धा तासही बदलत असे. गंमत अशी की सूर्याच्या हिशेबाने पोर्तुगीजांचे घड्याळ आम्हाला जवळचे होते. बांद्याचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे साडेचौतीस मिनिटे मागे चालतो. म्हणून तर आमच्याकडे जवाल बाराला होत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो बारा वाजून अठरा मिनिटांच्या आसपास असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला पाऊण वाजून जातो. लढाईच्या दिवसांत, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, इंग्रजांनी सगळ्या देशाची घड्याळे आणखी तासभर पुढे ढकलली होती. ज्यांनी ते दिवस पाहिले ते म्हातारे आमच्या लहानपणीही 'जुना टाइम की नवा टाइम' असे विचारत आणि आम्हाला वाटे, यांचे डोके फिरले आहे.

मशिदीत वेळेचा जाणकार असणे ही तर फार जुनी रीत. इब्न अश्शातिर दमास्कसच्या उमय्या मशिदीत मुवक्कित होता, म्हणजे वेळ ठरवणारा. आकाशातल्या ग्रहांचे गणित मांडणारा हा मोठा ज्योतिर्विद. १३७१ साली त्याने त्या मशिदीसाठी सूर्यघड्याळ बनवले. अब्बांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर चावी देण्याचे महिन्याचे चार रुपये त्यांनी वाढवून मागितले असते, असे आमची अम्मी म्हणते.

आता सर्व्हर एकमेकांना वेळ कशी विचारतात ते सांगतो, कारण पुढची हकीकत त्यावरच आहे. समजा, घरचे घड्याळ बिघडले आहे आणि पोराला मशिदीचे घड्याळ पाहून यायला पाठवले. तो येऊन सांगतो, पाच वाजून दहा मिनिटे. पण ही वेळ त्याने पाहिली तेव्हाची. परत यायला त्याला किती वेळ लागला? तो निघताना आणि परत आल्यावर आपण आपले बिघडलेले घड्याळ पाहून ठेवले असेल, तर एकूण फेरी किती मिनिटांची ते कळते, कारण घड्याळाचा काटा चुकीच्या जागी असला तरी दहा मिनिटे तो दहाच मोजतो. फेरीचे अर्धे करायचे आणि पाच-दहामध्ये मिळवायचे. एवढेच. फक्त जाताना आणि येताना सारखाच वेळ लागला हे गृहीत धरावे लागते. पोरगा येताना गोट्या खेळत बसला तर हिशेब फसतो. म्हणून एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाठवायचे, आणि ज्या फेरीत तो सगळ्यात लवकर आला त्या फेरीवर जास्त भरवसा ठेवायचा.

ही रीत संगणकांसाठी बसवली डेव्हिड मिल्स नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने. तिला एनटीपी म्हणतात. १९८५ साली तिचा पहिला मसुदा निघाला. मिल्स यांना जन्मापासून काचबिंदू होता आणि उतारवयात त्यांची दृष्टी पार गेली. २०२४ च्या जानेवारीत ते वारले. जगातली बहुतेक संगणकी घड्याळे आज त्यांच्या हिशेबाने चालतात. त्यात त्यांनी पायऱ्या ठरवल्या आहेत. ज्याला अणुघड्याळ किंवा उपग्रह थेट जोडलेला आहे तो पहिल्या पायरीचा सर्व्हर, त्याला विचारणारा दुसऱ्या, त्याला विचारणारा तिसऱ्या. प्रत्येकाने आपण कोणाकडून ऐकले हे सांगितले पाहिजे. हदीसची सनद ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आणि एकाच्या सांगण्यावर जायचे नाही. दोघांना विचारले आणि दोघांनी निरनिराळे सांगितले तर कोण चुकतो ते कळत नाही. तिसरा लागतो, चौथा असला तर आणखी बरे.

चूक कळल्यावर ती दुरुस्त कशी करायची, हा वेगळा भाग. अब्बा ठोक्यांच्या जुन्या घड्याळाचा काटा कधी उलटा फिरवू देत नसत. घड्याळ पुढे गेले असेल तर लंबक थांबवायचा आणि खरी वेळ येईपर्यंत वाट पाहायची. काटा मागे ओढला तर आतल्या ठोक्यांची गणती बिघडते, तीनला चार ठोके पडतात. लिनक्सही होता होईल तो तसेच करते. चूक थोडी असेल तर काटा ओढत नाही, चाल किंचित मंद किंवा जलद करते, सेकंदाला फार तर अर्धा सहस्रांश. या चालीने एक सेकंद भरून काढायला तेहेतीस मिनिटे लागतात. जुन्या एनटीपीला हजार सेकंदांहून मोठी चूक दिसली तर तो 'माझ्या समजुतीपलीकडचे आहे' अशा थाटात कामच सोडून देतो. पुष्कळ कचेऱ्यांत आता त्याच्या जागी क्रोनी नावाची नवी सोय असते, ती जरा समजूतदार आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दुकानात आले. अब्बांचे जुने गिऱ्हाईक. स्टुलावर बसले, चहा घेतला नाही, आणि म्हणाले, "तुमी कम्प्युटरातले. माका येकच सांगा, मशीन खोटा बोलता काय?"

त्यांची मुलगी बांद्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात पतसंस्थेच्या शाखेत रोखपाल होती. चोवीस वर्षांची. शाबानमध्ये तिचा निकाह ठरला होता. त्या महिन्यात एका वृद्ध खातेदार बाईंच्या खात्यातून अडतीस हजार रुपये काढल्याची नोंद सापडली. बाईंनी पैसे काढले नव्हते. नोंद मुलीच्या नावाने आणि तिच्या पासवर्डाने झाली होती. तारीख २० नोव्हेंबर, वेळ संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटे. ती त्या दिवशी कचेरीतून कधी गेली ते बोटाच्या ठशाच्या हजेरी यंत्रात होते: पाच पंचावन्न. म्हणजे नोंद झाली तेव्हा ती आत, आपल्या जागी बसलेली. तीन मिनिटांनी निघून गेली. याहून सरळ गोष्ट कोणती? संस्थेचे म्हणणे होते, पैसे भर आणि राजीनामा दे, बोभाटा नको. मुलगी म्हणत होती, मी साडेपाचलाच रोख जुळवून उठले, नंतर नुसती रजिस्टरे लावत होते. आणि स्टँडच्या वाटेवर असताना मगरिबची बांग ऐकली. तिच्याजवळ आणखी काही नव्हते. पासवर्डाविषयी विचारले तर म्हणाली, तो सगळ्यांनाच ठाऊक आहे, टेबलाच्या काचेखाली चिकटवलेला असतो. तसा तो बहुतेक कचेऱ्यांत असतोच.

त्या संस्थेचे काम आमच्याकडे नव्हते. अध्यक्षांना आम्ही भेटलो तेव्हा ते सौजन्याने बोलले, पण एक वाक्य त्यांनी दोनदा ऐकवले: माणूस खोटे बोलेल, संगणक बोलणार नाही. आम्ही म्हटले, आम्हालाही तो खोटा ठरवायचा नाही. एवढेच पाहू द्या की पाच बावन्न हे कोणाच्या घड्याळाचे आणि पाच पंचावन्न कोणाच्या.

घड्याळे दोन होती. खात्यांचा सर्व्हर शाखेतच, जिन्याखाली. हजेरी यंत्राची नोंद मात्र दुसऱ्या गावच्या मुख्य कचेरीतल्या सर्व्हरवर जाई. सोमवारी २६ तारखेला अध्यक्षांच्या देखत आम्ही खात्यांच्या सर्व्हरच्या पडद्याशेजारी मोबाइल धरला. पडदा साडेअकरा मिनिटे मागे होता.

संस्थेला सॉफ्टवेअर देणाऱ्यांचा एक तरुण तिथे होता. त्याने लगेच कीबोर्ड पुढे ओढला, "एका मिनिटात जुळवतो." आम्ही त्याचा हात धरला, अक्षरशः धरला. ते घड्याळ त्या घटकेला जसे होते तसेच हवे होते. जुळवले असते तर दुसऱ्या दिवशी कोणीही म्हटले असते, घड्याळ तर बरोबर आहे, तुम्ही काय सांगता? आधी फोटो काढले, मोबाइल आणि पडदा दोन्ही एका चौकटीत, अध्यक्षांची सही घेतली, आणि मग जुन्या नोंदींकडे वळलो.

आज मागे आहे म्हणून २० तारखेलाही तेवढेच मागे होते असे नाही. ते सिद्ध करायला अशी गोष्ट हवी होती की जी दोन्ही घड्याळांनी एकाच वेळी पाहिली असेल. ती मिळाली रात्रीच्या बॅकअपमध्ये. खात्यांचा सर्व्हर रोज रात्री आपल्या घड्याळात दहा वाजले की सगळ्या खात्यांची एक फाइल मुख्य कचेरीला पाठवी आणि फाइलीच्या नावातच वेळ घाली. मुख्य कचेरीचा सर्व्हर ती कधी पोचली ते आपल्या घड्याळाने लिहून ठेवी. त्याचे घड्याळ नेटवरून जुळत होते, हे तपासता येत होते. मागच्या तीस रात्रींच्या फाइली सगळ्या होत्या, त्याआधीच्या फक्त महिनाअखेरच्या. आम्ही दोघे रात्रभर ते आकडे कागदावर मांडत बसलो. जूनअखेर फरक दीड मिनिटाच्या थोडा वर. जुलैअखेर साडेतीनच्या पुढे. ऑगस्टअखेर पावणेसहा, सप्टेंबरअखेर पावणेआठ, ऑक्टोबरअखेर पावणेदहा. दिवसाला साधारण चार सेकंद, न चुकता. आणि २० नोव्हेंबरच्या रात्री, फाइल जायला लागणारे काही सेकंद वजा करून, अकरा मिनिटे आठ सेकंद.

पाच बावन्नमध्ये अकरा मिनिटे मिळवली की सहा वाजून तीन होतात. हजेरी यंत्राप्रमाणे मुलीला बाहेर पडून आठ मिनिटे झाली होती. त्या दिवशी आमच्या भागात सूर्य सहा वाजून एक मिनिटाच्या सुमारास मावळला. म्हणजे कोणीतरी तिच्या टेबलावर बसून ती नोंद केली, त्याच मिनिटांच्या आसपास गावात मगरिबची बांग होत होती आणि ती स्टँडच्या वाटेवर होती. अध्यक्ष म्हणाले, बांग हा काही पुरावा नव्हे. खरे आहे, बांगेवर शिक्का नसतो. पण मुलीच्या पर्समध्ये एसटीचे तिकीट निघाले. वाहकाच्या यंत्राने त्यावर वेळ छापली होती, सहा वाजून सहा. तिसरे घड्याळ मिळाले, आणि ते दुसऱ्याच्या बाजूने बोलत होते.

मागे-मागे जाता फरक शून्यावर येत होता तो जूनच्या ६ तारखेला. त्या दिवशी काय झाले होते, हे शाखेतल्या शिपायाला आठवत होते. पावसाआधीची वीज पडून राउटर जळला होता. नवा बसवणाऱ्याने सुरक्षेसाठी सगळी दारे बंद केली, त्यात १२३ क्रमांकाचे पोर्टही गेले. वेळ विचारायला जाणारा पोरगा त्याच दारातून जातो. त्या दिवसापासून एकशे सदुसष्ट दिवस ते घड्याळ कोणाला न विचारता आपल्या मनाने चालत होते, आणि कोणाच्या लक्षात आले नाही. याचे आम्हाला नवल वाटत नाही. संगणकाचे घड्याळ साडेपाच तास चुकले, जसे ग्रीनिचची आणि आपली वेळ यांची गल्लत झाली की होते, तर शिपायाच्याही ध्यानात येते. अकरा मिनिटांची चूक दिसत नाही. तिच्यावर विश्वास बसतो. मुलीचे अडतीस हजार आणि तिचे नाव अशाच एका चुकीवर तोलले गेले होते.

घड्याळ आम्ही रविवारी रात्री, खाती बंद असताना, एका झटक्यात पुढे केले. मागे पडलेले घड्याळ पुढे नेले तर वहीत अकरा मिनिटांची रिकामी जागा राहते, एवढेच. पुढे गेलेले मागे ओढले असते तर तीच अकरा मिनिटे दोनदा लिहिली गेली असती. हळूहळू भरून काढायचे म्हटले असते तर सेकंदाला अर्धा सहस्रांश या चालीने साडेपंधरा दिवस लागले असते. कधी, किती, कोणासमोर पुढे केले ते लिहून त्याखाली चौघांच्या सह्या घेतल्या.

पैसे वृद्ध बाईंच्या खात्यात परत आले. कोणाकडून आले ते आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मुलीला मात्र तोंडी 'झाले गेले विसरून जा' पुरले नाही. संस्थेने लेखी द्यावे, आणि त्यात दोन्ही वेळा असाव्यात, हा हट्ट तिने धरला. तिच्या वडिलांना वाटत होते, सुटलो ना, पुरे झाले. ती म्हणाली, "अब्बा, कागदावर पाच बावन्न आहे. तो कागद राहणार." जानेवारीत पत्र मिळाले. क्षमा वगैरे शब्द नव्हता, पण पाच बावन्न होते आणि त्यापुढे सहा-तीनही होते. ती महिनाभर पुन्हा त्याच टेबलावर बसली, काचेखालचा पासवर्ड स्वतः फाडून टाकला आणि मग आपणहून नोकरी सोडली. निकाह ठरल्याप्रमाणे शाबानमध्ये झाला.

त्यानंतर सरकारलाही ही निकड जाणवली. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने आदेश काढला, की कंपन्यांनी आणि संस्थांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय माहिती केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवावीत, आणि लॉग एकशे ऐंशी दिवस जपून ठेवावेत. माहिती केंद्राच्या त्या सर्व्हरांची नावे 'समय-१' आणि 'समय-२' अशी आहेत, हे वाचून आम्हाला बरे वाटले. प्रयोगशाळेत सिझियमची घड्याळे आहेत. त्या अणूची ९,१९,२६,३१,७७० स्पंदने म्हणजे एक सेकंद. अर्थात फार काटेकोर असूनही भागत नाही. १ जुलै २०१२ ला पहाटे साडेपाचला, आपल्याकडे फजर होऊन लोक घरी परतत असताना, पृथ्वीच्या चालीशी मेळ घालण्यासाठी जगाच्या वेळेत एक जादा सेकंद घातला गेला आणि जगभरचे कितीतरी लिनक्स सर्व्हर त्या एका सेकंदाने गोंधळून तापू लागले. उपाय काय, तर त्यांना तीच तारीख आणि तीच वेळ पुन्हा एकदा सांगायची. हे जादा सेकंद २०३५ पर्यंत बंद करायचे, असे २०२२ मध्ये ठरले आहे.

त्या संस्थेचे काम पुढे आमच्याकडे आले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिच्या तिन्ही सर्व्हरांची घड्याळे कोणाला विचारतात, कितव्या पायरीवर आहेत आणि खऱ्या वेळेपासून किती दूर आहेत, याचा एक कागद आम्ही छापून देतो. बहुतेक वेळा त्यावर सेकंदाच्या काही सहस्रांशांचे आकडे असतात. अध्यक्ष ते वाचत असतील असे वाटत नाही. पण लेखापरीक्षणाच्या फाइलीशेजारी त्यांनी एक वेगळी फाइल केली आहे, आणि तिच्या पाठीवर स्वतःच्या हाताने लिहिले आहे, 'घड्याळ'. एखाद्या महिन्यात कागद दोन तारखेला गेला तर त्यांचा फोन येतो.